विद्येचा वृक्ष आणि त्याची कुलुपे

पावसाळ्याच्या अखेरीस शिवथरच्या घळीत गेले असता मनुष्याच्या बोलण्याला फारसा वाव राहत नाही. शेजारी कड्यावरून पाणी कोसळत असते आणि जवळ बसलेल्याशी दोन शब्द बोलावयाचे म्हटले तरी आवाज चढवावा लागतो. अशा ठिकाणी बसून समर्थांनी दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. गेल्या भाद्रपदात मी माझ्या भाच्याबरोबर तेथे गेलो होतो. हा भाचा मुलांसाठी शैक्षणिक खेळ रचतो. ते संगणकावर व मोबाइलवर खेळावयाचे असतात. घळीतून खाली आल्यावर चहाच्या टपरीत बसलो असता त्याने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे पसरला आणि म्हणाला, "मामा, यात काय चुकले आहे ते सांगा. मला काहीतरी खटकते आहे, पण नेमके काय ते हाती लागत नाही."

कागदावर एक वृक्ष काढलेला होता. बुंध्याशी 'ध्वनी ओळखणे', त्यावर 'अक्षरे', मग 'काना, मात्रा, वेलांटी', त्याच्यावर 'जोडाक्षरे'. पुढे वाचनाची एक फांदी, लेखनाची दुसरी, आणि अगदी शेंड्यावर 'स्वतःची गोष्ट'. प्रत्येक नावाभोवती एक वर्तुळ व वर्तुळावर एक लहानसे कुलूप. खालचे वर्तुळ साध्य झाले की ते उजळावे व वरचे कुलूप गळून पडावे, अशी योजना. या धंद्यातील लोक अशा आकृतीला 'स्किल ट्री' म्हणतात; आपण तिला कौशल्यवृक्ष म्हणू.

ही कल्पना मुळात पाठशाळेतली नव्हे, करमणुकीच्या खेळातली. १९९१ साली सिड मायर यांचा 'सिव्हिलायझेशन' नावाचा संगणकावरील खेळ निघाला. त्यात खेळणारा एका समाजाचा नायक असतो, आणि त्या समाजाला वर्णमाला साध्य झाल्यावाचून लेखनकला साध्य होत नाही. २००० साली आलेल्या 'डायब्लो २' या खेळात प्रत्येक वीराच्या अंगच्या कलांचे असेच वृक्ष काढलेले होते. पुढे शिक्षणाच्या क्षेत्रातील मंडळींनी ही युक्ती उचलली. ती उचलली यात नवल नाही. पुढे काय आहे हे दिसावे, आपण कोठवर आलो हे कळावे, आणि श्रमाचे फळ ताबडतोब डोळ्यांपुढे उजळावे, ही मनुष्याची जुनी हौस आहे. प्रौढ माणसेही आता परकी भाषा, स्वयंपाक, वाद्य इत्यादींसाठी स्वतःपुरते असे वृक्ष काढून भिंतीवर लावतात. तेव्हा हा प्रश्न केवळ मुलांच्या खेळापुरता राहिलेला नाही. विद्येच्या एका पायरीवरून दुसरीवर जाण्यास कोणी, कोणाला आणि कशाच्या आधारावर अटकाव करावा, असा तो प्रश्न आहे. आणि तो नीतीचा प्रश्न आहे.

आपल्याकडे खेळातून शिकविण्याची कल्पना नवी नाही. मोक्षपट हा खेळ ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडला आहे. त्याच्या पटावर घरोघरी गुणांची व दुर्गुणांची नावे लिहिलेली असत. सद्गुणाच्या घरी शिडी, दुर्गुणाच्या घरी साप, आणि सर्वांच्या वर मोक्षाचे घर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच खेळ इंग्लंडात गेला व पुढे नावे गळून नुसती सापशिडी उरली. मोक्षपटाचा दोष उघड आहे. त्यात चढणे दानावर अवलंबून. खेळणाऱ्याच्या अंगी दया असो वा नसो, दान पडले की तो दयेच्या शिडीने वर. कौशल्यवृक्षात हा दोष नाही. तेथे श्रमावाचून वर्तुळ उजळत नाही. परंतु मोक्षपटात एक शहाणपण होते, ते मात्र या वृक्षातून निसटले आहे. त्या पटावर साप होते. अगदी वरच्या ओळीत पोचलेला माणूसही घसरून खाली येऊ शकतो, हे खेळणाऱ्या पोरालाही ठाऊक असे. वृक्षातले वर्तुळ मात्र एकदा उजळले की कायमचे उजळते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखविले की, पाठ केलेल्यातील मोठा भाग पहिल्या काही तासांतच विसरला जातो व उरलेला पुढे हळूहळू जातो. ज्याने मार्गशीर्षात जोडाक्षरे शिकून आषाढापर्यंत पुस्तक उघडले नाही, त्याचे वर्तुळ उजळलेले ठेवणे म्हणजे त्याच्याशी असत्य बोलणे होय.

मोक्षपटातल्या सापाची ही जाणीव ज्या घळीतून आम्ही नुकतेच उतरलो होतो तेथल्या ग्रंथातही आहे. दासबोधाचे वीस दशक व प्रत्येक दशकाचे दहा समास, अशी दोनशे समासांची नेटकी मांडणी पाहिली की तोही एक वृक्षच वाटतो. चौथ्या दशकात नवविधा भक्तीच्या नऊ पायऱ्या व शेवटी मुक्ती. पाचव्याच्या शेवटच्या चार समासांत बद्ध, मुमुक्षु, साधक व सिद्ध अशा चार अवस्था. परंतु बारकाईने पाहिले तर दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की, बद्धाचा मुमुक्षु होण्यासाठी समर्थांनी कोणतीही परीक्षा ठेवलेली नाही. त्याला आपल्या दोषांचा अनुताप झाला की तो दुसऱ्या अवस्थेत आला. या कुलुपाची किल्ली शिकणाऱ्याच्याच हाती आहे. दुसरी गोष्ट अधिक बोचक आहे. दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा, आणि त्याच दशकाचा शेवटचा समास पढतमूर्खाच्या लक्षणांचा. पढतमूर्ख म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले, वाचले, जो ब्रह्मज्ञान सुद्धा सरळ समजावून सांगतो, पण ज्याची दुराशा व अभिमान मात्र तसाच राहिला. आजच्या भाषेत बोलावयाचे तर याच्या वृक्षावरील सर्व वर्तुळे उजळलेली आहेत! साध्या मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर समर्थांनी त्याच दशकात याच्यासाठी वेगळा समास राखून ठेवला, यावरून उजळलेल्या वर्तुळांची त्यांना किती किंमत वाटत होती हे कळून येते.

कोणी म्हणेल, परमार्थाचे राहू द्या. लेखन-वाचन, गणित, शिवणकाम अशा व्यवहारातील विद्यांना तरी पायऱ्या असतात की नाहीत? असतात, हे मान्य केलेच पाहिजे. गुणाकार न येणाऱ्यास भागाकार सांगणे म्हणजे त्याचा छळ करणे होय. परंतु पायऱ्यांचा क्रम आपण समजतो तसाच असतो काय, याविषयी मला शंका आहे. जीन लेव्ह या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशात शिंप्यांच्या हाताखालच्या उमेदवारांचा अभ्यास केला. एटिएन वेंगर यांच्यासह १९९१ साली लिहिलेल्या ग्रंथात त्याची हकीकत आहे. कपडा तयार होताना आधी कापड बेतून कापतात, मग शिवतात, शेवटी बटणे लावतात व कडा दुमडून टिपतात. आपण वृक्ष काढला असता तर कापणे बुंध्याशी व बटणे शेंड्यावर ठेवली असती. तेथील उस्ताद नेमका उलटा क्रम घेतात. पोराला आधी बटणे व कडा, मग शिवण, आणि सर्वांच्या शेवटी कात्री. कारण साधे आहे. बटण चुकले तर दोरा तोडून पुन्हा लावता येते. कात्री चुकली तर कापड गेले. शिवाय कडा टिपताना पोराच्या मांडीवर सबंध अंगरखा असतो. आपण काय करावयाला शिकतो आहोत हे त्याला पहिल्या दिवसापासून दिसते.

हेच शिवथरच्या खोऱ्यातील भातशेतीत पाहावयास मिळते. उन्हाळ्यात राब भाजावयाचा, पहिल्या पावसाला दाढ पेरावयाची, तीन-एक आठवड्यांनी आवण काढून मुठी बांधावयाच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावणी करावयाची, असा कामाचा क्रम. घरातील लहान मूल या क्रमाने शिकत नाही. ते प्रथम मुठी उचलून बांधावरून पोचविते. मग आईच्या बाजूला उभे राहून दोन-दोन, तीन-तीन काड्या चिखलात रोवते. तिरकी गेली तर आई मागे न पाहता हाताने सरळ करते. नांगर सर्वांच्या शेवटी. म्हणजे येथे पायऱ्या आहेत, क्रम आहे, पण कुलूप नाही. मूल पहिल्या दिवसापासून त्याच खाचरात, त्याच पावसात, त्याच कामात आहे. त्याचा वाटा तेवढा लहान.

यावरून माझ्या मनात विद्येच्या कुलुपांचे तीन प्रकार उभे राहतात. पहिले कुलूप वस्तूच्या स्वभावातून आलेले. गुणाकाराचे व शिंप्याच्या कात्रीचे हे त्यातले. ते लावणाऱ्याला त्याचे कारण सांगता येते, आणि कारण ऐकले की शिकणाऱ्यालाही ते पटते. दुसरे कुलूप शिकविणाऱ्याच्या सोयीतून आलेले. तिसरे कुलूप अधिकार राखून ठेवण्याच्या इच्छेतून आलेले. वाईट याचे वाटते की, दुसरे व तिसरे कुलूप नेहमी पहिल्याचा वेष घेऊन येते.

तिसऱ्या कुलुपाची आठवण शिवथरला जाणाऱ्याने विसरू नये, कारण त्याचा रस्ता महाडवरूनच जातो. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, सुटे, ओळी सरळ, आणि तरुणपणी इतके बारीक लिहू नये की म्हातारपणी ते कामास येणार नाही, असा त्यातील उपदेश आजही कोणा शिक्षकाने भिंतीवर लावावा असा आहे. परंतु त्या समासाचा आरंभ ब्राह्मणाला उद्देशून होतो, ही गोष्ट प्रामाणिक वाचकाने झाकून ठेवू नये. त्या काळी लेखणी ज्याच्या हाती होती त्याच्याशी समर्थ बोलले. ज्याच्या हाती ती नव्हती त्याला ती मिळण्याची वाट त्या समासात दिसत नाही. पुढे अडीच शतकांनंतरही ती मोकळी झाली नव्हती. महाडजवळच्या लाडवली गावी १९०३ साली जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांनी लहान वयात शिष्यवृत्ती मिळविली. तरी ते अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मले म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेत त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्या मुलाने वृत्तपत्राला पत्र लिहून तक्रार केली तेव्हा कोठे दार उघडले, आणि तेही इतरांपासून वेगळे बसण्याच्या अटीवर. या मुलाने खालची सर्व वर्तुळे उजळविली होती. वरचे कुलूप तरीही गळून पडले नाही, कारण ते विद्येचे नव्हतेच.

याच मोऱ्यांनी पुढे महाडची परिषद भरविण्यात पुढाकार घेतला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले व त्यांनी तेथील पाणी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ सालीच संमत केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले असल्याचे ठरविले होते. कागदावर वर्तुळ उजळले होते! प्रत्यक्षात पाण्यापर्यंत जाता येत नव्हते. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागावयास १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. ज्याला वाटते की कुलुपाची गोष्ट म्हणजे केवळ आकृतीतील एक लहान चिन्ह, त्याने एकदा त्या तळ्याच्या काठी उभे राहून पाहावे.

दुसऱ्या कुलुपाविषयी मला दुसऱ्या कोणाचे उदाहरण देण्याचे कारण नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात मी तत्त्वज्ञान शिकवीत असता, डोंगराकडच्या खेड्यातून आलेला पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. मिल्लचा स्वातंत्र्यावरील निबंध त्याला वाचावयास हवा होता. वर्गात मी त्याचे नाव घेतले होते. मी त्याला म्हणालो, "आधी इंग्रजी सुधारा. व्याकरण पक्के होऊ द्या, मग पाहू." मी हे रागाने बोललो नाही, हिताचे म्हणूनच बोललो, असे तेव्हा मला वाटले. वस्तुतः त्याच्याजवळ बसून चार पाने मराठीत उलगडून सांगण्यास एक तास लागला असता, आणि तो तास मला द्यावयाचा नव्हता. इंग्रजी ही मिल्ल वाचण्याची पायरी असेल. 'दुसऱ्याला अपाय होत नसता माझ्या वागण्यात समाजाने कितपत हात घालावा' या प्रश्नाची ती पायरी नव्हे. तो प्रश्न त्या मुलाला माझ्यापेक्षा अधिक जवळून ठाऊक असण्याचा संभव होता. त्याने मान हलविली व तो गेला. वर्ष संपेपर्यंत तो वर्गात येत राहिला. पण पुन्हा त्याने माझ्याजवळ पुस्तक मागितले नाही. त्याचे इंग्रजी पुढे सुधारले की नाही, हे मी कधी विचारले नाही. ही गोष्ट मी येथे लिहितो, कारण सोयीचे कुलूप किती सभ्य शब्दांनी लावता येते, हे त्या दिवशी मला कळले नाही आणि आज कळते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. सगळेच मोकळे ठेवले तर मूल भरकटेल. अवघड ठिकाणी पडून हिरमुसेल. म्हणून थोडा बांध हवाच. हा आक्षेप पोकळ नाही. ड्युओलिंगो या भाषा शिकविणाऱ्या प्रसिद्ध साधनात पूर्वी असाच फांद्यांचा वृक्ष होता व शिकणारा काही ठिकाणी आपल्या मनाने फांदी निवडू शकत असे. २०२२ साली तो काढून एकच सरळ वाट करण्यात आली. पुढे काय करू, या विचारात वेळ न जाता शिकणाऱ्याने चालत राहावे, हा अशा वाटेचा लाभ निःसंशय आहे. परंतु त्याबरोबर एक गोष्ट जाते. पुढे काय शिकावे हे ठरविणे ही सुद्धा एक विद्या आहे, आणि ती शिकण्याची जागा दुसरीकडे कोठे नाही. ज्याला जन्मभर दुसऱ्याने आखलेल्या वाटेवरून चालविले, तो वाट संपली की उभा राहतो. बांध असावा, पण खाचराचा बांध पाणी धरून ठेवण्यासाठी असतो आणि मूल त्यावरूनच ये-जा करते, हे ध्यानात ठेवावे.

एवंच, वृक्ष काढणाऱ्याने मला वाटते चार गोष्टी स्वतःला विचाराव्या. या कुलुपाचे कारण मला शिकणाऱ्याला एका वाक्यात सांगता येईल काय? त्याची किल्ली त्याच्या श्रमात आहे, की त्याच्या बापाच्या खिशात? उजळलेले वर्तुळ सरावावाचून मंद होते, हे मी त्याला दाखवितो काय? आणि मी न काढलेली एखादी फांदी त्याला स्वतःच्या हाताने काढता येईल, अशी मोकळी जागा कागदावर कोठे आहे? जो स्वतःच स्वतःसाठी वृक्ष काढतो त्यालाही हे प्रश्न चुकत नाहीत. 'आधी अमुक येऊ दे, मग खरे काम सुरू करीन' असे म्हणत आपण आपल्यावरच किती कुलुपे लावून घेतो! कविता करावयाची म्हणून छंदःशास्त्राचे पुस्तक आणून ठेवणारे आणि दहा वर्षांत एकही ओळ न लिहिणारे गृहस्थ प्रत्येकाच्या परिचयात असतात.

यातले थोडेसे मी त्या टपरीत भाच्याला सांगितले. बाकीचे घरी आल्यावर सुचले. त्याने कागद पुन्हा आपल्याकडे ओढला व बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. मग शेंड्यावरच्या 'स्वतःची गोष्ट' या वर्तुळावर बोट ठेवून म्हणाला, "मामा, हेच. चार वर्षांचे पोर बोलता येऊ लागल्यापासून गोष्टी सांगते. मी त्याला म्हणतो आहे की, जोडाक्षरे येईपर्यंत तुझी गोष्ट नाही." त्याने ते वर्तुळ खोडले आणि बुंध्याशी, 'ध्वनी ओळखणे' याच्या शेजारी, पुन्हा काढले. त्यावर कुलूप काढले नाही. मुलाने आधी गोष्ट सांगावी, खेळाने ती त्याला लिहून दाखवावी, आणि आपल्याच गोष्टीतली अक्षरे त्याने ओळखू लागावे, अशी त्याची नवी कल्पना. ती चालेल की नाही हे मुलेच ठरवतील. त्याच्या कामातील वरिष्ठांना ती पसंत पडेल की नाही, याचीही त्याला खात्री नव्हती.

मला मात्र वर घळीत ऐकलेली परंपरा आठवली. एकाने सांगितले आणि दुसऱ्याने लिहिले. बोलणे आधी, अक्षर मागून. उतरताना पाऊस पुन्हा लागला. बाजूच्या खाचरात लावणी केव्हाच होऊन गेली होती आणि भात पोटरीला आले होते. त्यातल्या कोणत्या काड्या जाणत्या हाताने लावल्या आणि कोणत्या पोराने, हे आता ओळखता येत नव्हते.